सोमलाची मंद चाल

पोथी लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर पूर्वीचा लेखनिक त्यावर पिवळी पूड कालवून फाशी आणि ती वाळल्यावर त्याच जागी शुद्ध अक्षर लिही. ती पूड म्हणजे हरताळ होय. एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. पिवळा हरताळ, तांबडी मनशीळ आणि पांढरा सोमल ही तिन्ही एकाच मूलद्रव्याची रूपे आहेत. पहिल्या दोहोंत ते गंधकाशी संयोग पावलेले असते, तिसऱ्यात प्राणवायूशी. त्या मूलद्रव्याला रसायनशास्त्रात आर्सेनिक म्हणतात. परंतु मराठी घरांना ते ठाऊक आहे ते सोमल ह्याच नावाने, आणि तेही विष म्हणून.

विष म्हटले की मनुष्याच्या डोळ्यांपुढे एका घोटात होणारा प्राणान्त उभा राहतो. सोमलाची ती कीर्ती खोटी नाही. मोठी मात्रा पोटात गेली तर उलट्या, जुलाब, ग्लानी आणि मृत्यू असा तिचा क्रम असतो. परंतु ह्या विषाची आणखी एक चाल आहे, आणि ती अतिशय मंद आहे. तिच्यात रोजची मात्रा इतकी अल्प असते की पाण्याला रंग येत नाही, जिभेला चव कळत नाही, नाकाला वास लागत नाही. पिणारा कामावर जातो, जेवतो, झोपतो, संसार करतो. वीस-तीस वर्षे लोटतात आणि मग केव्हातरी त्वचेचा, फुप्फुसाचा अथवा मूत्राशयाचा कर्करोग उद्भवतो. पहिल्या चालीत पेशी मरते. ह्या दुसऱ्या चालीत ती जिवंत राहते, पण तिचा स्वभाव पालटतो. हा पालट कसा होतो, आणि पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्यांनी त्याची फिकीर का करावी, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

ह्या मंद चालीचा पहिला सुगावा लागला तो औषधाच्या बाटलीतून. इ. स. १७८६ मध्ये टॉमस फाउलर नावाच्या इंग्रज वैद्याने सोमलापासून एक पातळ औषध तयार केले. हिवतापापासून त्वचेच्या जुनाट विकारांपर्यंत अनेक रोगांवर ते शंभर वर्षांहून अधिक काळ दिले जात असे. पुढे १८८७ च्या सुमारास लंडनचे शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन ह्यांच्या लक्षात आले की, वर्षानुवर्षे हे औषध घेणाऱ्या रोग्यांच्या तळहातांवर व तळपायांवर घट्टे उठतात आणि त्याच घट्ट्यांच्या जागी कधी कधी कर्करोग होतो. औषधाने रोग बरा केला होता. परंतु त्याची किंमत त्याने कित्येक वर्षांनी वसूल केली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एअरलिख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने आर्सेनिकचेच एक संयुग उपदंशावर योजिले. सॅल्व्हर्सन ह्या नावाने ते १९१० मध्ये बाजारात आले आणि जगभर गाजले. त्याची सद्दी संपविली ती पेनिसिलिनने. आणि भारतात पेनिसिलिन देशी कारखान्यात तयार व्हावे म्हणून १९५४ साली सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली ती पिंपरीस. तेव्हा पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाच्या अगदी आरंभीच आर्सेनिकची गाठ पडते, पण ती त्याला औषधांच्या कपाटातून हद्दपार करणाऱ्या वस्तूच्या रूपाने.

औषधे मागे पडली तरी पाण्याची वाट मोकळीच होती. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील लोक खोल विहिरींचे पाणी पीत. तेथे पायाची बोटे काळी पडून सडण्याचा एक रोग पसरला होता. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील ४०,४२१ माणसे तपासली गेली. तेव्हा ज्या गावच्या पाण्यात आर्सेनिक अधिक, त्या गावी त्वचेचा कर्करोगही अधिक, असे स्पष्ट दिसले. बंगालची कथा तर अधिकच चटका लावणारी आहे. पटकी व हगवण ह्यांपासून माणसे वाचावीत म्हणून तळ्यांचे पाणी सोडून लोकांना नळकूपांचे पाणी देण्यात आले. जंतू टळले, पण जमिनीच्या पोटातील आर्सेनिक वर आले. १९८३ च्या सुमारास कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा ह्यांनी आपल्या रोग्यांच्या अंगावरील डागांवरून हे दुखणे ओळखले, आणि पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती ह्यांनी गावोगावचे पाणी तपासून त्याचा विस्तार दाखवून दिला.

ह्या सर्वांत अधिक शिकविणारे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचे आहे. आंतोफागास्ता हे तेथील वाळवंटाच्या काठचे बंदर. वाढत्या वस्तीला पाणी पुरेना म्हणून १९५८ साली डोंगरातील नद्यांचे पाणी शहरात आणले गेले. त्यात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ पासून शिफारस केलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. ही मर्यादा म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर भरून पाणी घ्यावे आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक असावे, एवढी सूक्ष्म आहे. आंतोफागास्तातील पाणी ह्याच्या ऐंशीपटीहून अधिक दूषित होते. १९७० मध्ये शुद्धीकरणाचे यंत्र बसले आणि ते प्रमाण झपाट्याने उतरले. म्हणजे नळ दूषित राहिला तो अवघी बारा वर्षे. परंतु फुप्फुसाच्या व मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पाणी शुद्ध झाल्यानंतर कमी होण्याऐवजी वाढत गेले, आणि ते कित्येक दशके चढेच राहिले. जी बालके त्या बारा वर्षांत आईच्या पोटात होती किंवा अंगावर पीत होती, त्यांच्यातही तरुणपणीच फुप्फुसाच्या रोगांचे प्रमाण जास्त आढळले. पाणी १९७० साली बदलले, पण शरीराने जुन्या पाण्याची आठवण ठेविली, असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ह्या प्रकारचे जवळचे उदाहरण गडचिरोली-गोंदियाच्या सीमेला लागून असलेल्या मुलखातील आहे. पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यात, अंबागढ चौकीच्या परिसरात कौडीकसा नावाचे गाव आहे. हा भाग आता छत्तीसगड राज्यात मोडतो. तेथील विहिरी व हातपंप ह्यांच्या पाण्यात मर्यादेच्या अनेक पट आर्सेनिक असल्याचे आणि लोकांच्या अंगावर त्याची चिन्हे उमटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. बंगालमध्ये नदीने वाहून आणलेल्या गाळातून आर्सेनिक सुटते. येथे मात्र ते डोंगरगढच्या अतिप्राचीन अग्निजन्य खडकातून झिरपते. कारखाना नाही, धुराडे नाही, केवळ पायाखालचा दगड. आणि दुखणे मात्र तेच.

ह्यावरून पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशाने एकदम घाबरून जाण्याचे कारण नाही. ह्या भागाचा पाया दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे, आणि बंगालसारखे संकट ह्या कातळात उद्भवलेले नाही. शहराचे मुख्य पाणी पवना धरणातून सुटून नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून उचलून शुद्ध केले जाते. मग ह्या मुलखाचा आर्सेनिकशी संबंध काय? संबंध दोन प्रकारचा आहे. एक कारखान्यातील कामाचा. आणि दुसरा, जो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, तो येथे येणाऱ्या माणसांचा. परंतु हे दोन्ही नीट समजावयाचे तर आधी पेशीच्या आत डोकावून पाहिले पाहिजे.

प्रत्येक पेशीचा एक संसार असतो, आणि त्या संसाराचा जमाखर्च एकाच नाण्यात चालतो. त्या नाण्याचे संक्षिप्त नाव एटीपी असे आहे. ते स्फुरदाच्या तीन गटांचे बनलेले असते. शेवटचा गट मोडला की शक्ती सुटते आणि पेशीची कामे होतात. हे नाणे पाडावयाचे तर इंधन हवे. ते इंधन मुख्यत्वे द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज होय. ही साखर पेशीत दोन टप्प्यांनी जळते. पहिला टप्पा पेशीच्या रसात प्राणवायूवाचून उरकतो आणि त्यात एका कणामागे दोनच नाणी पदरात पडतात. दुसरा टप्पा तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांत प्राणवायूच्या साह्याने पार पडतो, आणि मग एकंदर मिळकत तीसच्या आसपास जाते. शहाणा गृहस्थ जसा चुलीत अर्धे जळलेले लाकूड फेकून देत नाही, तशी निरोगी पेशीही प्राणवायू असता साखर अर्धवट जाळून सोडीत नाही.

आर्सेनिक ह्या व्यवस्थेत दोन वेषांनी शिरते. पहिल्या वेषात त्याची घडण स्फुरदाशी इतकी जुळते की पेशीचा दारवान त्याला स्फुरद समजून आत घेतो. आत गेल्यावर ते नाण्यात स्फुरदाच्या जागी बसते. पण ते नाणे टिकत नाही, पडल्याबरोबर फुटते. पेशीने मेहनत केली, परंतु गल्ल्यात काही पडले नाही, असा हा खोट्या टांकसाळीचा धंदा होय.

दुसरा वेष सोमलाचा आणि तो अधिक घातक. ह्या रूपातील आर्सेनिकला गंधकाची विलक्षण ओढ असते. एकमेकांशेजारी दोन गंधक दिसले की ते दोहोंना चिमट्यासारखे पकडते. आता साखरेच्या पहिल्या टप्प्यातून निघालेले द्रव्य तंतुकणिकेच्या भट्टीत नेणारी जी प्रथिनांची यंत्रणा आहे, तिचा कामाचा हात म्हणजे नेमकी अशीच दोन गंधकांची जोडी असलेले लिपॉइक आम्ल असते. सोमल त्या हातालाच बेडी घालतो. भट्टीचे दार बंद होते आणि अर्धवट जळलेली साखर दुग्धाम्लाच्या रूपाने बाहेर पडू लागते. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा शोधला तो ह्याच ज्ञानाच्या बळावर. त्यांनी दोन गंधक शेजारी असलेले एक साधे द्रव्य तयार केले. आर्सेनिक पेशीचा हात सोडून ह्या आमिषाला चिकटते आणि लघवीवाटे निघून जाते.

परंतु उतारा लागू पडतो तो तीव्र विषबाधेत. जेथे मात्रा अल्प आणि काळ दीर्घ, तेथे पेशी निराळाच मार्ग पत्करते. ती मरत नाही. ती ह्या टंचाईशी जुळवून घेते. निरोगी पेशीत प्राणवायूच्या तुटवड्याची वर्दी देणारे एक प्रथिन असते. हवा पुरेशी असली की ते काही मिनिटांत नष्ट केले जाते. हवा कमी पडली की ते टिकते आणि ‘भट्टीवर विसंबू नका, साखर पहिल्या टप्प्यातच वापरा’ असा हुकूम सोडते. पेशीला प्राणवायू कसा ओळखता येतो ह्या शोधासाठी २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. आर्सेनिकच्या सततच्या सहवासात हे वर्दीचे प्रथिन भरपूर हवा असतानाही नष्ट होत नाही. पेशीला खोटीच धाप लागते. मानवी श्वासनलिकेच्या पेशी अल्प आर्सेनिकच्या द्रवात कित्येक आठवडे व महिने वाढविल्या असता त्या अधिकाधिक साखर ओढून घेऊ लागतात आणि दुग्धाम्ल बाहेर टाकू लागतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

ही खूण जाणकारांच्या ओळखीची आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग, ज्यांना पुढे १९३१ साली श्वसनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले होते की, कर्करोगाच्या गाठीतील पेशी प्राणवायू असूनही साखर अर्धवटच जाळतात. वरवर पाहता ही उधळपट्टी आहे. परंतु तिच्यात एक कावा आहे. जे लाकूड चुलीत जळून राख झाले नाही, ते घर वाढविण्यासाठी वासे म्हणून कामी येते. तद्वत न जळलेल्या साखरेचे सांगाडे नव्या पेशींची आवरणे, प्रथिने व जनुकद्रव्य बांधण्यास उपयोगी पडतात. ज्या पेशीला केवळ जगावयाचे आहे तिला पूर्ण ज्वलन हितकर. जिला बेसुमार वाढावयाचे आहे तिला अर्धवट ज्वलन सोयीचे. आर्सेनिक पेशीला ह्या दुसऱ्या सवयीचा धडा देते, आणि तोही रोज थोडा थोडा.

केवळ सवय बिघडल्याने कर्करोग होत नाही. पेशीची वहीदेखील बिघडावी लागते. येथेही आर्सेनिकची करणी तिरकस आहे. ते जनुकद्रव्यावर फारसे थेट घाव घालीत नाही; ते दुरुस्ती करणाऱ्यांना निकामी करते. जनुकद्रव्यातील मोडतोड हुडकून सांधणारी काही प्रथिने जस्ताच्या अणूभोवती वळलेल्या बोटांनी काम करतात. त्या बोटांतही गंधक असतो, आणि आर्सेनिक जस्ताला हुसकून त्याची जागा घेते. मग त्वचेवर उन्हाने, फुप्फुसात तंबाखूच्या धुराने जे घाव रोज पडतात, ते सांधले जात नाहीत. म्हणूनच आर्सेनिक आणि विडी-सिगारेट ह्या दोहोंचा सामना ज्याला करावा लागतो, त्याच्या फुप्फुसाला होणारा धोका दोन धोक्यांच्या बेरजेहून मोठा असतो.

तिसरी हानी होते ती शरीराच्या स्वतःच्या बचावातून. यकृत आर्सेनिकला मेथिल नावाचा एक लहान गट जोडून ते लघवीवाटे बाहेर घालवू पाहते. दोन गट जोडले गेले तर काम सुकर होते. परंतु एकच जोडून गाडे अडले तर मधले जे संयुग तयार होते ते मूळ सोमलाहूनही जहाल असते. लघवी मूत्राशयात साठते, म्हणून त्याचा मार त्या अवयवावर बसतो. शिवाय हे मेथिल गट शरीराला फुकट मिळत नाहीत. कोणते जनुक जागे ठेवावे आणि कोणते झोपवावे ह्याच्या खुणा जनुकद्रव्यावर ह्याच गटांनी केलेल्या असतात. विष घालविण्यात ते खर्ची पडले की खुणा पुसट होतात आणि झोपलेली जनुके अवेळी जागी होतात. मेथिल गटांची भरपाई आहारातून होते. हिरव्या पालेभाज्या व कडधान्ये ह्यांतील फॉलिक आम्लाचा त्यात मोठा वाटा आहे. बांगलादेशात ज्यांच्या शरीरात ह्या आम्लाची उणीव होती त्यांना ते दिले असता रक्तातील आर्सेनिक कमी झाल्याचे आढळले. एकच पाणी पिऊनही गरिबाचे शरीर आधी का खचते, ह्याचे एक उत्तर त्याच्या ताटात सापडते ते असे.

एवढे सांगूनही एक कौतुकाची गोष्ट सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही. रक्ताच्या एका विशिष्ट तीव्र कर्करोगात हाच शुद्ध केलेला सोमल शिरेतून दिला जातो. चीनमध्ये १९७० नंतरच्या दशकात ह्याचा उपयोग सुरू झाला आणि २००० साली अमेरिकेने त्यास मान्यता दिली. त्या रोगात एक विकृत प्रथिन पेशीला वयात येऊ देत नाही. सोमल नेमक्या त्याच प्रथिनाला पकडून त्याचा नाश घडवितो. परंतु ही मोजलेली मात्रा, ठरलेले दिवस आणि वैद्याची अखंड देखरेख ह्यांची करामत आहे. अनोळखी भस्मे व गुट्या ह्यांतून सोमल, हरताळ वा मनशीळ पोटात घेण्यास ह्यावरून आधार काढणे म्हणजे आत्मघात होय.

आता पुन्हा पिंपरी-चिंचवड व चाकण. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंत माळरानांवर कारखाने उभे राहिले. ह्या पट्ट्याचा मुख्य माल म्हणजे मोटारी, दुचाक्या, यंत्रे व त्यांचे सुटे भाग. आर्सेनिक हा येथील व्यापाराचा माल नव्हे. परंतु शिशाच्या काही मिश्रधातूंत ते मुद्दाम मिसळलेले असते. तांबे व शिसे ह्यांचा भंगार माल वितळविताना ते धुरातून उडू शकते. काच स्वच्छ करण्यासाठी, लाकडाला कीड लागू नये म्हणून आणि विजेच्या सूक्ष्म उपकरणांतही त्याचा उपयोग होत आला आहे. अशा कामात श्वासावाटे जाणारी धूळ आणि वाफ हीच पाण्याची जागा घेते. म्हणून हवेविषयीच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत आर्सेनिकला स्वतंत्र मर्यादा घालून दिली आहे. ती वर्षाच्या सरासरीने घनमीटरमागे ६ नॅनोग्रॅम इतकी अल्प आहे. कामगाराला आर्सेनिकची बाधा झाल्यास तिची वर्दी सरकारला दिली पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरविले होते, आणि २०२० च्या नव्या संहितेतील रोगांच्या यादीतही ही बाधा आहे.

कायद्याची ही तरतूद चांगली. परंतु तिच्यापुढे एक मोठी अडचण उभी राहते, आणि ती ह्या विषाच्या मंद चालीतूनच जन्मास येते. रोग प्रकट होतो वीस-तीस वर्षांनी. तोवर कंत्राटी कामगाराने चार कारखाने पालटलेले असतात, मुकादम बदललेला असतो, एखादा छोटा कारखाना बंदही पडलेला असतो. आणि शरीर स्वतः जुना पुरावा फार दिवस जपून ठेवीत नाही. पोटात गेलेले बहुतेक आर्सेनिक काही दिवसांतच लघवीवाटे निघून जाते. केसांत व नखांत ते काही महिने सापडते. पन्नाशीतल्या रोग्याच्या लघवीत पंचविशीतले आर्सेनिक शोधून मिळावयाचे नाही. त्या वेळी कामी येईल ती फक्त लिहून ठेवलेली नोंद.

दुसरा संबंध माणसांचा. ह्या पट्ट्यातील कारखान्यांत मराठवाडा-विदर्भाइतकेच बिहार व उत्तर प्रदेश येथील तरुणही मोठ्या संख्येने काम करतात. गंगेच्या काठचे भोजपूर, बक्सर, बलिया हे जिल्हे असे आहेत की तेथील अनेक गावांच्या हातपंपांत आर्सेनिक आढळले आहे. त्या गावी जन्मून, विसाव्या वर्षापर्यंत ते पाणी पिऊन जो तरुण चाकणला येतो, तो येथे पवनेचे अथवा भामा-आसखेडचे निर्मळ पाणी पितो. परंतु आंतोफागास्ताचा धडा असा की, पाणी बदलल्याने जुना हिशेब चुकता होत नाही. अशा कामगाराच्या छातीवर वा पाठीवर पावसाचे थेंब पडून वाळावेत तसे काळसर-पांढरे ठिपके असतील, तळहात-तळपाय खरबरीत होऊन त्यांवर बारीक कठीण गाठी आल्या असतील, तर ती केवळ कष्टाची खूण समजून सोडून देणे बरोबर नव्हे. तेथे वैद्याचा पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ एवढाच असून भागत नाही. ‘तुम्ही कोणत्या गावी वाढलात आणि तेथे पाणी कशाचे पीत होता?’ हाही असला पाहिजे. हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. आणि त्याच्या उत्तराने एखाद्याचा कर्करोग वेळेवर सापडू शकतो. लघवीत रक्त दिसणे, बरी न होणारी त्वचेवरील जखम, हटवादी खोकला ह्यांकडे अशा माणसाने इतरांपेक्षा अधिक लवकर लक्ष दिले पाहिजे, आणि तंबाखू तर त्याला सर्वथैव वर्ज्य होय.

घरगुती व्यवहारात ध्यानात ठेवण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक मरत नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. कापडाने गाळूनही ते जात नाही, कारण ते विरघळलेले असते. ज्या गृहसंस्था उन्हाळ्यात कूपनलिकांवर व टँकरवर विसंबतात, त्यांनी पाण्याची रासायनिक तपासणी करवून घेताना आर्सेनिकचेही नाव घालावे. ते नेहमीच्या तपासणीत असतेच असे नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी स्वीकारार्ह धरतात. लघवीची तपासणी करावयाची असेल, तर आधीचे काही दिवस मासळी वर्ज्य करावी. समुद्रातील माशांत आर्सेनिकचे एक निरुपद्रवी रूप असते आणि त्याने आकडा फुगून उगाच भीती निर्माण होते.

हे सर्व पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मनुष्याला निसर्गाने डोळे, नाक व जीभ दिली ती जवळचे व तातडीचे धोके ओळखण्यासाठी. जो धोका थेंबाथेंबाने येतो आणि एका पिढीच्या अंतराने आपली किंमत मागतो, तो ह्या इंद्रियांना कळत नाही. त्याला ओळखण्याची दोनच साधने माणसाने निर्माण केली आहेत: एक मोजमाप आणि दुसरे टाचण. हचिन्सन ह्यांनी रोग्यांचे पूर्ववृत्त टिपून ठेवले म्हणून औषधाचा दोष सापडला. तैवानात विहिरींचे आकडे आणि माणसांचे रोग शेजारी मांडले म्हणून पाण्याचा दोष सापडला. चाकणच्या कारखान्यात भट्टीजवळ उभा राहणारा कामगार आज धडधाकट आहे. त्याने कोणते काम किती वर्षे केले, कोणत्या गावचे पाणी प्याला, ह्याचा एक कागद त्याच्या स्वतःच्या जवळ असावा, तो नोकरीबरोबर कारखान्यातच मागे राहू नये, आणि वैद्याने तो वाचावा. विषाची चाल मंद आहे, हीच एक सवलत मनुष्याला मिळालेली आहे. तिचा उपयोग करून घेण्यास वेळ पुष्कळ असतो, पण तो सुरू होतो आजपासून, रोग दिसल्यापासून नव्हे.